धुराची बिअर करायची, तर पहिली बाटली बिनधुराची

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डिचोलीला राहता, आजवर बिअर कधी केलेली नाही, हाताशी साडेतीन हजार रुपये आहेत, आणि जर्मनीतल्या बांबेर्ग गावात करतात तशी धुराची बिअर घरी करायची आहे. परदेशी धुरी दिलेल्या मॉल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, किंमत आणि वर कुरिअरचा खर्च पाहून तुम्ही विचारता की, साध्या बिअरमध्ये बाटलीतल्या धुराच्या अर्काचे दोन थेंब टाकले तर चालतील का, की अंगणातल्या चुलीवर मॉल्टला स्वतः धूर द्यावा, आणि द्यायचा तर लाकूड कोणतं घ्यावं.

आधी थेट उत्तर. अर्क नको. धूर स्वतः द्या. तो घरी उत्तम देता येतो आणि या सगळ्या उद्योगात सर्वांत स्वस्त पडतो तोच. पण तुमची खरी अडचण धुराची नाहीच. पहिल्यांदा बिअर करणाऱ्याच्या हातून जे दोष होतात, त्यातले बरेचसे वासाला धुराचे सख्खे भाऊबंद असतात. बाटली उघडल्यावर नाकाला जे लागेल ते लाकडाचं की चुकीचं, हे तुम्हाला कळणार नाही. म्हणून माझं सांगणं असं की, त्याच कृतीची एक बिनधुराची बिअर बरोबरीने करा. खर्च दुप्पट होत नाही. कसा होत नाही, ते पुढे सांगते.

हे भाऊबंद कोण, ते जरा नीट पाहू. मी गेली नऊ वर्षं गोव्यातल्या एका लहान, परवाना असलेल्या ब्रुअरीत काम करते. नवी कृती मोठ्या टाकीत टाकण्याआधी चार-पाच लिटरची चाचणी मीच करते, त्यामुळे तुम्हाला हवं ते माप माझ्या रोजच्या हातातलं आहे. धुराचा वास येतो तो फिनॉल नावाच्या द्रव्यांमुळे. लाकडातलं लिग्निन धुमसताना ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही फिनॉलं तयार होतात आणि दमट मॉल्टच्या सालावर बसतात. आता दुसरीकडे बघा. भांडं नीट धुतलेलं नसलं आणि रानटी यीस्ट शिरलं, तर लवंगेसारखा किंवा जळकट वास येतो. तेही फिनॉलच. नळाच्या पाण्यात क्लोरीन राहिलं आणि ते या फिनॉलांना भेटलं, तर क्लोरोफिनॉल होतात. त्यांचा वास दवाखान्याचा, जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचा. अब्जात काही भाग एवढ्याशा प्रमाणातही तो नाकाला लागतो. आणि धुराच्या बिअरमध्ये फिनॉल मुळातच जास्त असतात, म्हणजे क्लोरीनला तिथे आयती मेजवानी.

तिसऱ्या वर्षी मी हा धडा चांगलाच महागात घेतला. फणसाच्या लाकडावर धूर दिलेल्या मॉल्टची चाचणी केली आणि तिला औषधाच्या कपाटासारखा वास आला. आम्ही दोष फणसाला दिला. आंब्याचं लाकूड घेतलं, तोच वास. धूर कमी केला, तरी तोच. दोन महिने गेले. शेवटी एके दिवशी मी नळाचं पाणी प्यायच्या पेल्यात न घेता थेट बागेच्या हिरव्या पाइपमधून घेऊन हुंगलं, आणि तो वास तिथेच होता. चाचणीचं पाणी मी त्या पाइपने भरत होते, आणि गाळणीतून न काढता. फणसाचा काही दोष नव्हता. त्या वेळी बरोबरीने एक बिनधुराची बिअर केली असती, तर पहिल्याच खेपेला उलगडा झाला असता.

पुढे जाण्याआधी कायद्याचं सांगते, कारण हे बरेच जण सांगतच नाहीत. गोव्यात दारू स्वस्त आहे, काजूच्या दिवसांत बागायतीत फेणी गाळायच्या भाट्या पेटतात, म्हणून लोकांना वाटतं घरी काहीही केलं तरी चालतं. तसं नाही. १९६४ च्या गोवा अबकारी कायद्याखाली दारू तयार करायला परवाना लागतो आणि फेणीवाल्यांच्या भाट्याही परवान्यानेच चालतात. तेव्हा यीस्ट विकत घेण्याआधी तालुक्याच्या अबकारी कार्यालयात जा, घरापुरत्या चार लिटरचं विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. नाही म्हणाले तर एखाद्या परवानाधारक ब्रुअरीत शिकायला जाता येतं का ते पाहा. विकायचा विचार तर मनातही नको. ऊर्ध्वपातन, म्हणजे बिअर उकळून कडक दारू काढणं, हा वेगळाच धोकादायक रस्ता आहे, तिकडे वळू नका. आणि गोव्यात पिण्याचं वय २१ आहे, हे घरातल्या धाकट्यांसाठी लक्षात ठेवा.

यात तुमच्या फायद्याची एक गोष्ट आहे. उत्तर येईपर्यंत थांबायचं कारण नाही, कारण या कामाचा सर्वांत रंजक भाग दारूचा नाहीच. मॉल्टला धूर देणं आणि त्याचा काढा करून चव बघणं, यात आंबवणं येत नाही. खर्चही अर्धा किलो मॉल्टचा. तो पैसा आधी खर्च करा. धूर आवडला नाही, तर तीन हजार रुपये वाचले.

मॉल्ट घ्या तो भारतीय बार्लीचा साधा पेल मॉल्ट, न भरडलेला. राजस्थान-हरियाणाकडच्या सहा ओळींच्या जवाचा हा मॉल्ट चांगला सालदार असतो आणि धूर सालावरच बसतो. किराण्याच्या दुकानातले पांढरे, सोललेले जव आणून मोड काढायला बसू नका. ते सोललेले असतात, त्यांना कोंब येत नाही. नाचणीला मोड काढून सत्त्व करणाऱ्या घरात तुम्ही वाढला असाल तर हात शिवशिवतील, पण पहिल्या खेपेला मॉल्ट विकतचाच घ्या.

आता लाकूड. बांबेर्गला बीच नावाच्या झाडाचं लाकूड वापरतात. श्लेंकर्ला आणि श्पेझिआल या तिथल्या दोन ब्रुअरी आजही आपला मॉल्ट स्वतः धुरवतात. बीच आपल्याकडे नाही, आणि त्याची हळहळ करायचं कारण नाही. कधीकाळी मॉल्ट लाकडाच्याच आगीवर सुकवायचे, त्यामुळे बिअर कमीअधिक धुरकटच असायची. सतराव्या शतकात इंग्लंडात कोक, म्हणजे दगडी कोळशापासून केलेलं बिनधुराचं इंधन, वापरायला लागले आणि मॉल्ट बिनधुराचा होत गेला. जिथे जे झाड, तिथे त्याचा धूर. पोलंडमधल्या ग्रोजिस्के नावाच्या हलक्या गव्हाच्या बिअरला ओकचा धूर असतो. नॉर्वेतल्या स्ट्योर्डाल भागात शेतकरी आजही आपल्या परसातल्या भट्टीत ऑल्डरच्या लाकडावर मॉल्ट सुकवतात आणि घरी बिअर करतात. म्हणजे डिचोलीच्या अंगणात आंब्याच्या लाकडावर मॉल्ट धुरवणं हे बांबेर्गची नक्कल नव्हे, त्याच रीतीचं काम आहे.

मी वापरलेल्यात आंबा सर्वांत भरवशाचा. वर्षभर वाळलेलं, साल काढलेलं लाकूड घ्या. धूर मवाळ असतो, किंचित गोडसर. फणस थोडा जड, मला आवडतो. पेरूची छाटलेली फांदी मिळाली तर सोडू नका. नारळाची करवंटी निखाऱ्यासाठी उत्तम, पण धुरासाठी एकटी वापरली तर डांबराकडे झुकते. सोडणं, म्हणजे नारळाची वाळलेली काथ्याची सालं, मात्र नकोत. घराघरात पडलेली असतात म्हणून पहिला मोह त्यांचाच होतो, मलाही झाला होता. दाट पिवळट धूर येतो आणि बिअरला विझलेल्या चुलीच्या राखेची चव लागते. काजूच्या बियांची टरफलं तर आगीजवळसुद्धा आणू नका. बिया भाजताना उडालेलं तेल हाताला लागून कातडी सोललेली ज्याने पाहिली आहे, त्याला कारण सांगायला नको. ते तेल धुरातही जातं. चिकाचं, राळेचं लाकूड, रंग किंवा पॉलिश लावलेलं लाकूड, प्लायवूड, हेही वर्ज्य.

धूर देण्याची माझी पद्धत साधी आहे. खाद्यतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा घ्या, आतून घासून धुवा, वरखाली दोन्ही झाकणं कापा. अंगणात तीन दगडांवर तो उभा करा. खाली घमेल्यात करवंटीचे निखारे, चांगले राख धरलेले. त्यावर मूठभर आंब्याच्या ढलप्या. डब्याच्या तोंडावर तांदळाची स्टीलची चाळण आणि तिच्यात अर्धा किलो मॉल्ट, बोटभर जाडीचा थर. चाळणीत घालण्याआधी मॉल्टवर दोन-तीन चमचे पाणी शिंपडून हाताने चोळा आणि दहा मिनिटं ठेवा. कोरड्या दाण्यापेक्षा दमट दाणा धूर जास्त धरतो, कारण ही द्रव्यं पाण्यात विरघळतात. वर सैल झाकण ठेवा, फट राहू द्या.

आता लक्ष फक्त दोन गोष्टींवर. एक, धुराचा रंग. पातळ, निळसर धूर हवा. पांढरा-पिवळा, दाट, डोळे झोंबवणारा धूर येत असेल तर आगीला हवा कमी पडते आहे. दगड सरकवून वारा द्या आणि तोवर चाळण उचलून बाजूला ठेवा. दोन, ऊब. दर दहा मिनिटांनी मॉल्ट खालीवर करायचा आणि मुठीत धरून बघायचा. मूठ आवळून धरता आली पाहिजे. चटका बसला तर आग जास्त आहे. दमट मॉल्ट तापला तर त्यातली विकरं मरतात, आणि पिठाची साखर करणारी तीच. पाऊण तास पुरे. नंतर तो कागदावर उन्हात पूर्ण वाळवा. ओला राहिला तर बुरशी येते, म्हणून पावसाळ्यात हे करूच नये. वाळल्यावर कापडी पिशवीत घालून आठ-दहा दिवस टांगून ठेवा. पहिल्या दिवशीचा धूर टोकदार असतो, घशाला ओरबाडतो. आठवड्याने तो बसतो. आणि हे सगळं उघड्यावर, बंद खोलीत कधीही नाही. निखाऱ्याच्या विषारी वायूला वास नसतो.

आठवड्याने काढा करा. ५० ग्रॅम धुरी मॉल्ट मिक्सरमध्ये दोन झटके देऊन भरडा, पीठ करू नका. पाव लिटर पाणी ७० अंशांपर्यंत तापवून त्यात घाला, झाकून अर्धा तास ठेवा, गाळा. दुसऱ्या भांड्यात साध्या मॉल्टचा तसाच काढा. मग चार कप मांडा. एकात नुसता साधा, दुसऱ्यात दहा चमच्यांपैकी तीन धुरी, तिसऱ्यात पाच, चौथ्यात नुसता धुरी. घरातल्यांनाही पाजा, यात दारू नाही. मला आठवतं, आमच्याकडे हे पहिल्यांदा केलं तेव्हा स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी तिसरा कप घेऊन म्हणाल्या, हा तर आमच्या जुन्या घरात चुलीवर टांगलेल्या चवरिसांचा, म्हणजे गोव्याच्या डुकराच्या सॉसेजचा, वास. नेमका तोच वास बिअरमध्ये हवा असतो. तुम्हाला जो कप आवडेल, त्याच्या एक पायरी खालचं प्रमाण बिअरला घ्या. काढ्यात साखर असते आणि ती धुराला झाकते. आंबल्यावर साखर जाते, धूर उघडा पडतो. माझा पहिला अंदाज बहुधा किलोत ३०० ग्रॅम धुरी मॉल्ट, हाच असतो.

अर्क का नको, तेही यातच आलं. त्याचं प्रमाण ठरवताच येत नाही. चार लिटरमध्ये एक थेंब कमी की जास्त यावर सगळं अवलंबून, आणि एकदा टाकला की काढता येत नाही. चवही नुसती वर तरंगते, दाण्यात मुरलेली नसते. दुकानदार पीट मॉल्ट गळ्यात मारायला बघेल. तो स्कॉच व्हिस्कीसाठी, दलदलीतल्या जुन्या वनस्पतींच्या धुरावर केलेला. आपल्या कुंकळ्ळीलाही सिंगल मॉल्ट व्हिस्की होते, तिच्या काही प्रकारांत तो असतो आणि तिथे शोभतो. बिअरमध्ये किलोला ३०-४० ग्रॅमच्या वर गेलात तर मातकट, औषधी चव लागते. तोच स्वस्तात मिळाला म्हणून किलोभर घालू नका.

आता बिअर. एका खेपेला मॉल्ट १ किलो आणि तयार वर्ट, म्हणजे न आंबलेला मॉल्टचा गोड काढा, ४ लिटर. घरातला दहा लिटरचा टोप पुरतो. साडेसात लिटर पाणी घ्या, ६९ अंशांवर आणा, मलमलच्या मोठ्या पिशवीत भरडलेला मॉल्ट घालून सोडा, ढवळा. ते ६७ च्या आसपास येऊन थांबेल. टोप जुन्या गोधडीत गुंडाळून तासभर विसरा. मग पिशवी उचलून निथळू द्या आणि उरलेलं तासभर उकळा. उकळी फुटताच ८ ते १० ग्रॅम हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वाळलेली फुलं, घाला, पाकिटावर अल्फा (कडवटपणाचं माप) ५ टक्के लिहिलं असेल तर. १० टक्के असेल तर निम्मे. सुगंधी हॉप्स शेवटी घालायचा मोह आवरा, धुराशी त्यांचं जमत नाही. मासळी बाजारातून बर्फ आणा, टबात टोप बसवून २० अंशांपर्यंत उतरवा. बर्फ टोपाच्या बाहेर, आत कधीही नाही.

पाण्याबद्दल माझी गोष्ट वाचलीतच. नळाचं पाणी असेल तर आदल्या रात्री १५ मिनिटं उकळून उघडं ठेवा, किंवा सरबताला घालतात त्या पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची अगदी चिमूट घाला. विहिरीचं पाणी आमच्या जांभ्या जमिनीत बहुधा मऊ असतं आणि या बिअरला चालतं, फक्त त्याला लोखंडाची चव नाही ना ते प्या आणि बघा. भांडी धुवायला ब्लीचिंग पावडर नको. उकळतं पाणी, आणि थंड झाल्यानंतर जे जे वर्टला लागेल त्याला आयोडोफोर किंवा ब्रुइंगचं न धुता चालणारं जंतुनाशक.

यीस्टवर आता जास्त वेळ देते, कारण गोव्यात बिअर बिघडते ती इथे. साधं अमेरिकन एल यीस्ट घ्या, चव मोकळी ठेवणारं. गव्हाच्या बिअरचं यीस्ट घेऊ नका, ते स्वतःच लवंगेचं फिनॉल करतं आणि पुन्हा तोच घोळ. पुडी साडेअकरा ग्रॅमची असते, वीसेक लिटरसाठी. चार लिटरला चार-पाच ग्रॅम पुष्कळ झाले. उघडलेली पुडी घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवली तर आठवड्याच्या आत वापरावी लागते. म्हणजे एका पुडीत दोन बिअर होतात, पण आठवड्याच्या आत. म्हणूनच मी सुरुवातीला म्हटलं की जोडबिअर दुप्पट महाग नाही. या रविवारी साधी, पुढच्या शनिवारी धुरी. उरलेलं यीस्ट फेकण्याऐवजी तेच तुमची तुलना करून देतं.

गार झालेला वर्ट पाच लिटरच्या कॅनमध्ये ओता आणि त्यात यीस्ट टाका. हे यीस्ट १८ ते २० अंशांत सुखी असतं. आंबताना द्रव आपल्या अंगची ऊब काढतो, म्हणजे खोलीत ३० असेल तर कॅनमध्ये दोन-चार अंश वरच. अशा उकाड्यात बिअर डोकेदुखी आणणारी, नेलपॉलिशच्या वासाची होते. ओल्या फडक्यात गुंडाळून पंख्याखाली ठेवा, असं देशावरचे लोक सांगतात. तिथे ते चालतं, आपल्याकडे हवेतच इतकं पाणी असतं की फडकं वाळतच नाही आणि गारवाही येत नाही. त्यापेक्षा मासळीवाल्याकडून थर्माकोलचा खोका आणा. दोनदा साबणाने आणि एकदा सोड्याने धुऊन, दिवसभर उन्हात टाका, वास जातो. त्यात कॅन ठेवायचा आणि शेजारी बर्फ झालेली पाण्याची एक लिटरची बाटली. सकाळ-संध्याकाळ बाटली बदलायची. कॅनच्या बाहेरून थर्मामीटर चिकटपट्टीने लावा आणि वर फडक्याची घडी. पहिले चार दिवस हे चुकवू नका. नंतर जरा वर चढलं तरी चालतं, उलट यीस्ट आपलं काम पुरं करतं.

एवढी उस्तवार जमणारी नसेल, तर दोन पर्याय. नॉर्वेचं क्वाइक यीस्ट मिळालं तर घ्या, त्यातला व्हॉस प्रकार ३० ते ३५ अंशांतही नीट चालतो, फक्त संत्र्याच्या सालीची झाक देतो. नाहीतर डिसेंबर-जानेवारीची वाट पाहा. रात्री २० अंशांच्या आसपास उतरतात आणि बर्फाची एक बाटली दिवसभर पुरते. मॉल्ट वाळवायला ऊनही तेव्हा चांगलं. मी तुमच्या जागी असते तर तीच वेळ धरली असती.

पैशाचा हिशेब साधारण असा बसेल. भाव माझ्या अंदाजाचे आहेत, थोडे इकडेतिकडे होतील. अडीच किलो मॉल्ट ५००, हॉप्सचं लहान पाकीट ४००, यीस्ट ६००, हायड्रोमीटर (द्रवात साखर किती उरली ते दाखवणारं उपकरण) आणि त्याची नळी ६००, थर्मामीटर ३००, पाच लिटरचे खाद्यपदार्थांचे दोन कॅन, नळी आणि एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झडप) मिळून २५०, जंतुनाशक ३००, मलमल १००. तीन हजारांच्या थोडं वर. उरलेले कुरिअरला. कमी करायचेच झाले तर एअरलॉकवर करा, नळीचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं तरी काम होतं. थर्मामीटर आणि हायड्रोमीटर मात्र काटू नका. हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेला असतो, आपल्या ३० अंशांत तो थोडं कमी दाखवतो. आकड्यात ०.००२ ते ०.००३ मिळवा. सुरुवातीला १.०४५ ते १.०५० आणि शेवटी १.०१० च्या आसपास आलं, तर बिअर साडेचार-पाच टक्क्यांची झाली.

बाटल्यांवर पैसा घालू नका. सोड्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या धुऊन वापरा. त्या दाबासाठीच बनवलेल्या असतात. साध्या पाण्याच्या बाटल्या नव्हेत. हायड्रोमीटर सलग तीन दिवस तोच आकडा दाखवत असेल तरच भरा. लिटरला ६ ग्रॅम साखर, म्हणजे ६५० मिलीच्या बाटलीला एक सपाट चहाचा चमचा. आंबणं संपण्याआधी बाटल्या भरल्या की त्या फुटतात. काचेची फुटली तर तुकडे खोलीभर उडतात. प्लॅस्टिकची बाटली बोटाने दाबून बघता येते. दगडासारखी घट्ट झाली की गॅस तयार झाला, मग फ्रिजमध्ये टाका. आपल्या हवेत आठ-दहा दिवस लागतात. बाटल्या अंधारात ठेवा.

मग दोन पेले शेजारी ठेवा. आधी साधी प्या. तिच्यात लवंग, चिकटपट्टी, नेलपॉलिश, आंबूस असं काही लागलं तर ते पाण्याचं, स्वच्छतेचं किंवा उकाड्याचं आहे, आणि ते धुरी पेल्यातही असणारच. लाकूड बदलू नका, ती चूक दुरुस्त करा. साधी स्वच्छ निघाली आणि धुरी घशाला ओरबाडते असं वाटलं, तर आगीला हवा कमी पडली. धूर लागतच नसेल, तर पुढच्या खेपेला ३०० चे ५०० ग्रॅम करा, पाऊण तासाचा दीड तास नको. धुरीचा पहिला घोट फसवा असतो, नाक धुरानेच भरतं. मत अर्ध्या पेल्यानंतर बनवा, तोवर नाक सरावतं आणि खालचा भाजक्या पावासारखा मॉल्ट लागायला लागतो.

पाचेक बाटल्या होतील. त्यातली एक धुरी फ्रिजमध्ये मागे, कोणाच्या हाताला लागणार नाही अशी, तीन महिने ठेवा. भरल्याची तारीख आणि लाकडाचं नाव चिठ्ठीवर लिहून बाटलीला चिकटवा. आंब्याचा धूर या काळात बराच मवाळतो, फणसाचा कमी. तुमच्या मॉल्टचं कसं होतं ते त्या बाटलीवरून कळेल आणि पुढच्या खेपेचं प्रमाण तिच्यावरून ठरवा.